जुळी असतील तर आधी वार मोजा

पोटात जुळी असल्याचे कळल्यावर ती एकसारखी असतील का, हे कुतूहल साहजिक आहे; पण बाळांच्या जिवासाठी त्याहून मोलाचा प्रश्न आहे तो वार एक की दोन, हा. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातील सोनोग्राफीत दोन बाळांमधला पडदा वारेपाशी जाड त्रिकोणासारखा दिसला तर वारा दोन. पातळ राहून काटकोनात मिळाला तर एकच. वार सामायिक असेल तर जुळी जवळजवळ नक्कीच एकबीज, म्हणजे एकसारखी. उलटे मात्र खरे नाही, कारण सुमारे एक तृतीयांश एकबीज जुळ्यांच्याही वारा वेगळ्या असतात. लिंग वेगळे असेल तर उलगडा होतो, पण ते सांगणे १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. म्हणून वारा दोन असतील तेव्हा खात्री देते ती जन्मानंतरची डीएनए तपासणी.

गोंडपिपरीसारख्या गावाहून सोनोग्राफीसाठी चंद्रपूर गाठायचे तर पाचव्या महिन्यातच जाऊ, हा आक्षेप खर्च पाहता समजण्यासारखा आहे. पण तोवर पडद्याची ही खूण पुसट होते. सामायिक वारेच्या १० ते १५ टक्के जुळ्यांत एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे वळते. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला तपासणी लागते. सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी असते. तिसऱ्या महिन्यातच तिथे जा आणि सोनोग्राफीच्या अहवालात वारांची संख्या लिहून मागा.