पुलगावची दोन मिनिटे आणि प्रयोगशाळेतला सूर्य

पुलगाव म्हटले की वर्धा जिल्ह्यातील माणसाला दारूगोळा भांडार आठवते, नदीवरचा रेल्वेपूल आठवतो. पण सूर्याच्या अभ्यासाच्या इतिहासातही पुलगावचे नाव नोंदलेले आहे, हे आपल्यातील किती जणांना ठाऊक आहे?

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून विदर्भावर सरकत गेली. ती गाठण्यासाठी इंग्लंडहून कॅप्टन हिल्स आणि न्यूअल हे दोन अभ्यासक उपकरणे घेऊन पुलगावला येऊन राहिले. जवळच, अमरावती जिल्ह्यातील तळणी येथे ॲनी माँडर या बाईंनी सूर्याभोवतीच्या तेजाचे छायाचित्र घेतले. त्यात सुमारे एक कोटी किलोमीटर लांबीचा प्रकाशाचा झोत उमटला. आणि हे सारे जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी!

त्या काळी आपल्या गावांमध्ये ग्रहणाचा अर्थ काय होता? सवर्णांच्या घरात पाण्यावर तुळशीपत्र आणि सुटल्यावर स्नान; आणि अस्पृश्य ठरवलेल्यांच्या वाट्याला 'दे दान, सुटे गिऱ्हाण' ओरडत दारोदार हिंडणे. सूर्य एकच, सावली एकच. एकाने तिच्याकडे प्रश्न म्हणून पाहिले, दुसऱ्याच्या हाती मात्र रूढीने झोळी दिली. हा फरक बुद्धीचा नव्हता, संधीचा होता, हे आम्ही ठासून सांगू इच्छितो.

आता तो प्रश्न काय होता ते पाहू. चंद्राने सूर्य पूर्ण झाकला की त्याच्याभोवती मोत्यासारखे तेजोवलय दिसते. त्याला प्रभामंडळ किंवा कोरोना म्हणतात. प्रत्येक मूलद्रव्य तापले की ठरावीक रंगाच्या रेषांचा प्रकाश देते. मीठ विस्तवात पडले की ज्वाला पिवळी होते, तसे. १८६९ च्या ग्रहणात कोरोनाच्या प्रकाशात एक हिरवी रेषा सापडली. पृथ्वीवरच्या कोणत्याच पदार्थाशी ती जुळेना. शास्त्रज्ञांनी 'कोरोनियम' हे नवेच मूलद्रव्य कल्पिले. सुमारे सत्तर वर्षे हे कोडे तसेच राहिले.

कोडे सुटण्याची वाट एका भारतीयाने खुली केली. मेघनाद साहा हे ढाक्याजवळच्या खेड्यातील छोट्या दुकानदाराचे चिरंजीव. कलकत्त्याला शिकताना वसतिगृहातील उच्चवर्णीय मुले त्यांना आपल्या पंक्तीला बसू देत नसत. याच साहांनी १९२० साली असे समीकरण मांडले की, किती उष्णतेला आणि किती दाबाखाली अणूतून इलेक्ट्रॉन निसटतात याचा हिशेब करता यावा. तो प्रयोगाने तपासण्यासाठी पुढे ते बर्लिनच्या प्रयोगशाळेत गेले. ज्याला पंक्तीतून उठवले, त्याच्या समीकरणाने जग सूर्य वाचायला शिकले!

पुढे १९३९ ते १९४२ या काळात जर्मनीचे ग्रोट्रियान व स्वीडनचे एडलेन यांनी हिरव्या रेषेचा उलगडा केला. एडलेन यांनी प्रयोगशाळेत प्रचंड ताकदीच्या विद्युत ठिणग्या पाडून त्यांचा प्रकाश तपासला होता. त्या मोजमापांवरून सिद्ध झाले की कोरोनियम नावाचे काहीच नाही. ते आपले साधे लोखंडच! मात्र त्याच्या २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गळून पडलेले. लोखंडाची अशी अवस्था व्हायला दहा लाख अंशांहून अधिक उष्णता लागते.

इथूनच नवा प्रश्न उभा राहिला. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंशांचा. मग त्याच्या बाहेरचे वलय दहा लाख अंशांचे कसे? चुलीपासून दूर जावे तसा शेक कमी होतो. इथे उलटेच. आम्ही आयुष्यभर जमाखर्चाच्या वह्या सांभाळल्या. खर्च जमेपेक्षा जास्त दिसला तर कुठून तरी रक्कम आलेली असते, एवढे आम्हाला कळते. सूर्याच्या वहीतील ही रक्कम कुठून आली?

बर्फ तापला की पाणी, पाणी तापले की वाफ. वायू आणखी तापवला की अणूंचे तुकडे होऊन विजेला वाट देणारा वायू बनतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. ट्यूबलाइटमध्ये, वेल्डिंगच्या ठिणगीत, आकाशातल्या विजेत तोच असतो. सूर्य म्हणजे प्लाझ्माचाच गोळा. चुंबकीय शक्ती त्याला ओढते, वळवते. म्हणून शास्त्रज्ञ बंद नळीत प्लाझ्मा तयार करतात, भोवती चुंबक लावतात आणि सूर्यावरच्या घडामोडींचा छोटा नमुना पाहतात. आकार लहान असला तरी वेग, घनता, चुंबकबल यांची प्रमाणे जुळवली की निष्कर्ष सूर्याला लावता येतात.

अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या यंत्रात १९९५ पासून चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळताना किती उष्णता सुटते, हे मोजले गेले. विस्कॉन्सिन येथे तीन मीटरच्या पोकळ गोळ्यात २०१९ साली सौर वाऱ्याची वळणदार रचना उमटवली गेली. लॉस एंजेलिसच्या वीस मीटर लांब नळीत, पूर्वी गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत काम केलेले सायक बोस आणि त्यांचे सहकारी यांनी चुंबकीय लहरी प्लाझ्मातून उलट्या परततात, हे दाखवले. तो निबंध २०२४ साली प्रसिद्ध झाला. परतलेल्या लहरी पुढच्या लहरींशी भिडल्या की खळबळ माजते आणि कोरोना तापतो, असा अंदाज आहे. हिशेब अजून पुरता मिटलेला नाही.

हे नुसते कुतूहल नव्हे. मार्च १९८९ मध्ये सौर वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात साठ लाख लोकांची वीज नऊ तास गेली होती.

अशी कामे करणारे बहुतेक तरुण असतात. पीएच.डी. झाल्यावर दोन-तीन वर्षे एखाद्या प्रयोगशाळेत वेतनावर संशोधन करायचे, याला पोस्ट-डॉक म्हणतात. आई-बाप विचारतात, "एवढे शिकून पोट कसे भरणार?" प्रश्न रास्त आहे. बारावी विज्ञान, भौतिकशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. आणि मग नेट परीक्षा, असा हा मार्ग आहे. नेटमधून संशोधन शिष्यवृत्ती मिळवणाऱ्याला दरमहा ३७,००० रुपये आणि पीएच.डी.नंतरच्या सहयोगी संशोधकाला किमान ५८,००० रुपये, असे दर केंद्र सरकारने २०२३ साली ठरवले. म्हणजे संशोधन करीत असतानाच घराला हातभार लागतो. वाट लांब आहे, पण ती श्रीमंतांचीच आहे असे नाही.

२ सप्टेंबर २०२३ रोजी भारताने आदित्य एल-१ हे यान सोडले. त्यातील एक दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडवली. बंगळुरूत घडवलेले दुसरे उपकरण लोखंडाची तीच हिरवी रेषा टिपण्यासाठी आहे. आता त्यासाठी ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही. पुलगावला साहेब दोन मिनिटांसाठी आले होते. आपल्या मुलामुलींपुढे सारा दिवस मोकळा आहे. त्यांच्या हाती भौतिकशास्त्राचे पुस्तक द्या आणि त्यांनी विचारलेला प्रश्न "गप्प बस" म्हणून मारू नका. झोळी आपण केव्हाच फेकली आहे. त्या हातात आता उपकरण यायला हवे.