शनिवारची वाट



ऑगस्ट लागला की आमच्या घरी दोन तयाऱ्या एकदम सुरू होतात. एक गणपतीची आणि दुसरी मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मोसमाची. मखराचे सामान आणि निळ्या-पिवळ्या टोप्या तळघरातल्या एकाच खोक्यात असतात, त्यामुळे एक काढायला गेले की दुसरे आपोआप वर येते. गेल्या अंकात एका पालकांनी विचारले होते की, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवारी वर्गातली मुले कुठे गायब होतात? संपादकांनी उत्तर लिहायचे काम आमच्यावर टाकले. कारण उघड आहे. गैरहजर मुलांच्या यादीत आमची दोन्ही रत्ने होती.

प्रथम खेळाविषयी. आजी-आजोबा भारतातून येतात आणि विचारतात, "चेंडू हातात धरून पळतात, मग याला फुटबॉल का म्हणायचे?" बरोबर प्रश्न आहे, पण तो सोडून देऊ. मैदान शंभर यार्ड लांब. एका वेळी प्रत्येक बाजूचे अकरा खेळाडू मैदानात. ज्याच्याकडे चेंडू त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकला तर पुन्हा नवे चार प्रयत्न. नाही सरकला तर चेंडू समोरच्याला. आमच्या आजोबांना आम्ही असे सांगितले: समजा चार चेंडूंत दहा धावा काढायच्या, काढल्या तर आणखी चार चेंडू मिळणार, नाही काढल्या तर बॅट खाली ठेवायची. त्यांना ते लगेच पटले. मात्र पुढचा अर्धा तास ते प्रत्येक वेळी "आता कितवा चेंडू?" असे विचारत होते.

शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण, आणि वर एक-दोन गुण मिळवायची आणखी एक संधी. दोन खांबांमधून लाथेने चेंडू उडवला तर तीन. घड्याळाप्रमाणे सामना साठ मिनिटांचा, पण सारखे घड्याळ थांबते, जाहिराती येतात, म्हणून प्रत्यक्षात साडेतीन तास जातात. एवढे कळले की बाकीचे बघता बघता येते.

आता मुख्य मुद्दा, वाट बघण्याचा. क्रिकेट आता बाराही महिने असते. भारत आज हरला तर परवा पुन्हा सामना आहेच. कॉलेज फुटबॉलच्या नेहमीच्या मोसमात एका संघाचे सामने असतात फक्त बारा. सप्टेंबर ते नोव्हेंबर, बहुतेक सगळे शनिवारी. त्यांतले सातेक घरच्या मैदानावर. म्हणजे वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी बारा दिवस खरे, उरलेले ३५३ दिवस त्यांची वाट बघण्याचे. एखादी गोष्ट इतकी दुर्मिळ असली की माणूस वेडा होतो. हापूसचेही तेच नाही का?

आम्ही दोघे २००४ च्या ऑगस्टमध्ये अॅन आर्बरला आलो. शिकायला आलो होतो, खेळ बघायला नव्हे. पहिले दोन महिने शनिवारी रस्त्यावर एवढी गर्दी का असते आणि बस का अडकते याचाच राग येई. मग ३० ऑक्टोबरला प्रयोगशाळेतल्या एका मित्राने दोन जादा तिकिटे दिली. समोर मिशिगन स्टेट. शेवटच्या पावकातही आपण २७-१० असे मागे. आमच्या पुढच्या रांगेतली माणसे उठून घरी निघाली. आम्हाला काय चालले आहे ते धड कळत नव्हते, म्हणून आम्ही बसून राहिलो. त्यानंतर ब्रेलॉन एडवर्ड्स नावाच्या खेळाडूने दोन टचडाउन अक्षरशः दुसऱ्याच्या डोक्यावरून काढून घेतले, सामना बरोबरीत आला, आणि तीन जादा फेऱ्यांनंतर मिशिगन ४५-३७ असे जिंकले. शेजारच्या अनोळखी आजीबाईंनी आम्हा दोघांना मिठी मारली. अमेरिकेत आल्यापासून घराबाहेरच्या कोणी आम्हाला जवळ घेतलेली ती पहिलीच वेळ. वेडाचे मूळ तिथे आहे.

ते स्टेडियम मुलांना माहीत आहे, पण पालकांपैकी पुष्कळांनी ते आतून पाहिलेले नाही. १९२७ साली बांधलेले. बाहेरून फारसे उंच दिसत नाही, कारण बराचसा भाग जमिनीत उतरवलेला आहे. आत पाऊल टाकले की एकदम विहिरीच्या काठावर उभे राहिल्यासारखे वाटते. अधिकृत क्षमता १,०७,६०१. मुंबईचे वानखेडे साधारण तेहतीस हजारांचे, म्हणजे तीन वानखेडे भरतील आणि वर माणसे उरतील. ७ सप्टेंबर २०१३ ला नोत्र दामविरुद्धच्या रात्रीच्या सामन्याला १,१५,१०९ माणसे होती. सामन्याआधी बोगद्यातून वाद्यवृंद धावत येतो, त्यांचा प्रमुख मागे वाकून डोके जमिनीला टेकवतो, आणि मग ते विजयगीत सुरू होते. लुई एल्बेल या विद्यार्थ्याने १८९८ मध्ये, शिकागोला हरवल्यानंतर, त्याची रचना केली. आमच्या धाकटीला ते बाराखडीच्या आधी पाठ झाले, हे आम्ही बाईंना आजवर सांगितले नव्हते.

स्टेडियमबाहेरची मजा वेगळीच. समोरच्या शाळेच्या आवारात आणि गोल्फच्या हिरवळीवर गाड्या लावून, मागची दारे उघडून माणसे सकाळपासून खात बसतात. याला टेलगेट म्हणतात. आमच्या गाडीमागे बटाटेवडे, लसणाची चटणी आणि थर्मासमध्ये चहा असतो. शेजारच्या गाडीतले गोरे काका दरवर्षी वडा नेतात आणि त्याऐवजी मक्याची कणसे देतात. त्यांचे नाव आम्हाला अजून ठाऊक नाही, त्यांनाही आमचे नाही, पण जागा दोघांनाही नेमकी ठाऊक आहे.

वाट बघण्यात धाकधूक फार असते. पहिला सामना सहसा सोप्या संघाशी ठेवतात. पण १ सप्टेंबर २००७ चा दिवस आम्ही विसरलेलो नाही. आपण देशात पाचव्या क्रमांकावर, समोर अॅपलेशियन स्टेट, खालच्या पायरीवर खेळणारा संघ. शेवटच्या क्षणी आपली किक त्यांनी अडवली आणि ३४-३२ असे ते जिंकले. खालच्या पायरीच्या संघाने क्रमवारीतल्या संघाला हरवण्याची ती पहिलीच वेळ होती. बाहेर पडताना एक लाख माणसे चालत होती आणि बुटांचा आवाज तेवढा येत होता. तेव्हापासून "पहिला सामना काय, सोपाच आहे" असे आमच्या घरात कोणी म्हणत नाही.

आणि ओहायो! या भांडणाची मुळे खेळाच्याही आधीची आहेत. १८३५ मध्ये टोलेडोच्या पट्ट्यावरून मिशिगन आणि ओहायो यांनी एकमेकांसमोर सैनिक उभे केले होते. शेवटी टोलेडो ओहायोला गेले आणि मिशिगनला उत्तरेकडचा मोठा द्वीपकल्प मिळून १८३७ मध्ये ते राज्य झाले. बेळगावकडची मंडळी आपल्या वर्गात आहेत, त्यांना सीमावाद म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. फुटबॉलचा पहिला सामना १८९७ चा. १९६९ ते १९७८ ही दहा वर्षे तर युद्धाचीच. इकडे बो शेंबेकलर, तिकडे वुडी हेज, आणि बो पूर्वी हेज यांच्याच हाताखाली शिकलेले. द्रोण-अर्जुनासारखी जोडी. या दहा सामन्यांत बो पाच जिंकले, चार हरले आणि १९७३ चा सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. तेव्हा जादा फेरी नसे. दोन्ही संघ त्या वर्षी अपराजित, पण रोझ बोलला कोणी जायचे ते मतदानाने ठरले आणि ओहायोला पाठवले. आपला संघ एकही सामना न हरता घरी बसला. इथले जुने लोक अजून त्याबद्दल चिडून बोलतात.

आमचे नशीब असे की आम्ही आलो त्या २००४ सालापासून २०१९ पर्यंतच्या सोळा सामन्यांत आपण ओहायोला फक्त एकदा, २०११ साली हरवले. काही मित्र आमच्या पायगुणाबद्दल बोलत. मग २७ नोव्हेंबर २०२१ ला बर्फात ४२-२७ असा विजय मिळाला आणि माणसे मैदानात धावली. थोरला तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो आमच्या खांद्यावर, नाक लाल, रडत होता, आणि का रडतोस विचारले तर म्हणाला, "थंडीमुळे." त्यानंतर २०२४ पर्यंत सलग चार वेळा जिंकलो, मधे २०२३ च्या मोसमाचे राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळाले, आणि २०२५ ला पुन्हा हरलो. प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरून टिपल्याच्या प्रकरणी आपल्या संघाला पुढे मोठा दंड झाला, हेही मुलांना सांगितले पाहिजे. आपला संघ म्हणून झाकून ठेवू नये.

संगणकवाल्यांसाठी एक गंमत. १९९८ ते २०१३ या काळात अंतिम सामन्यात कोण खेळणार हे ठरवताना माणसांच्या मतांबरोबर संगणकांच्या क्रमवाऱ्याही धरत. बहुतेक सूत्रे गुप्त होती. २०१० मध्ये लक्षात आले की एका क्रमवारीत खालच्या पायरीचा एक सामना भरायचाच राहिला होता, आणि त्यामुळे एकूण यादीत दहावा आणि अकरावा संघ उलटसुलट झाले होते. ते उघड झाले, कारण ते एक सूत्र उघड प्रसिद्ध केलेले होते. बाकीच्यांत काय काय राहून गेले असेल कोण जाणे. २०२४ पासून बारा संघांची बाद फेरी आहे. न्याय वाढला खरा, पण पूर्वी एका पराभवाने मोसम संपत असे, ती धडकी गेली. आम्हाला ती धडकी आवडत असे, हे कबूल करतो.

आणखी एक, वर्गाच्या दृष्टीने महत्त्वाचे. बऱ्याच सामन्यांची वेळ टीव्हीवाले बारा दिवस आधी, कधी तर फक्त सहा दिवस आधी ठरवतात. दुपारी बारा, साडेतीन की रात्र, हे आधी कळत नाही. म्हणून "आधी का नाही कळवले?" असे बाईंनी विचारले तर पालकांकडे खरोखरच उत्तर नसते.

आता जे लिहायचे की नाही यावर आमच्यात दोन रात्री वाद झाला, ते लिहितो. थोरला यंदा नववीत जातो. जूनमध्ये त्याने शाळेच्या फुटबॉल संघाचा अर्ज आणला. डॉक्टरांची तपासणी आणि पालकांची सही, एवढेच हवे होते. अर्ज पाच आठवडे टेबलावर पडून होता. २०१७ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी दान मिळालेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यावसायिक संघात खेळलेल्या १११ जणांपैकी ११० जणांच्या मेंदूत वारंवार डोके आपटल्याने होणारा आजार सापडला. आता त्रास असलेल्यांचेच मेंदू मुख्यतः दान होतात, त्यामुळे हा आकडा सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही, एवढे गणित आम्हालाही येते. डोक्याने धडक देणाऱ्याला कॉलेजच्या सामन्यातून बाहेर काढायचा नियमही २०१३ पासून आहे. तरी सही होईना.

शेवटी आम्ही नाही म्हणालो. तो ओरडला नाही. त्याने एवढेच विचारले, "म्हणजे तुम्ही दर शनिवारी ज्यांना बघायला जाता, त्यांच्या आई-बाबांनी सही केली ते चुकले का?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. अजूनही येत नाही. ती मुले अठरा-वीस वर्षांची आहेत. २०२१ पर्यंत त्यांना आपल्या नावावर पैसे कमवायलाही बंदी होती, आणि २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ लागली, ते बरेच झाले. पण गुडघा धरून एखादा मैदानात पडला की एक लाख माणसे गप्प होतात, तो उठून लंगडत गेला की टाळ्या वाजवतात, आणि पुढचा खेळ सुरू होतो. आम्हीही वाजवतो. यंदा तिकिटे घेऊ नयेत असे आमच्यापैकी एकाचे म्हणणे होते. दुसऱ्याने ती तोवर घेतलेली होती.

थोरल्याने शेवटी लांब पल्ल्याच्या धावण्याच्या संघात नाव घातले आहे. सकाळी साडेसहाला सराव असतो. जेवताना तो आमच्याशी अजून मोजकेच बोलतो. गेल्या रविवारी मात्र आम्ही बाजारातून परत आलो तेव्हा फ्रिजवर मोसमाचे वेळापत्रक लावलेले होते. ओहायोच्या सामन्याभोवती लाल गोल, आणि त्याखाली देवनागरीत त्याच्या अक्षरात लिहिलेले: "या शनिवारी मराठी वरग नाही."

रफार चुकला आहे, बाई. तो आम्ही घरी करून घेऊ. आणि तो शनिवार थँक्सगिव्हिंगचा आहे, त्या दिवशी वर्ग तसाही नसतोच.