धरणाच्या पाण्यावर नवा पाहुणा



धरणाचे पाणी म्हटले की आपल्याला पाटाची पाळी आठवते. इतके पिण्याला, इतके शेतीला, इतके कारखान्याला, हा हिशेब आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता त्यात एक नवा वाटेकरी आला आहे. तो पाणी उपसत नाही. नुसता पाण्यावर फिरतो आणि त्याचे पैसे मोजतो. कोयनेच्या जलाशयाकाठी मुनावळे (ता. जावळी) येथे 2024 मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी वैनगंगेवरील गोसीखुर्द येथे सुमारे शंभर कोटींच्या जलपर्यटन प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. उद्या आपल्या जवळच्या धरणावरही कोणी नकाशे घेऊन येईल. तेव्हा काय विचारायचे, हे आजच ठरवलेले बरे. त्यासाठी ब्रह्मपुरीकडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे.

तळ्यांचा मुलूख

ब्रह्मपुरी हा चंद्रपूर जिल्ह्यातला धानाचा तालुका. तिकडे ऊस थोडा, तळी मात्र भरपूर. जुने मालगुजारी तलाव, ज्यांना तिकडचे लोक 'मामा तलाव' म्हणतात, ते आजही धानाला पाणी देतात. शेजारच्या नागभीड तालुक्यात डोंगरांच्या कुशीत घोडाझरीचा मोठा तलाव आहे. त्याच्या परिसरातील जंगलाला 2018 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पूर्वेला वैनगंगा वाहते, वरच्या अंगाला गोसीखुर्द आहे आणि त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी ब्रह्मपुरीकडे येते. हिवाळ्यात या पाण्यांवर दूरदेशीची बदके उतरतात. ढीवर समाज पिढ्यान् पिढ्या इथे मासेमारी करतो.

ताडोबा तिथून फार लांब नाही. वाघ बघायला देशभरातून माणसे येतात. पण ताडोबाचा गाभा मंगळवारी बंद असतो. आदल्या दिवशी आलेला पाहुणा त्या दिवशी करणार काय? त्याला तळ्यावर बोलवा. वल्ह्याच्या होडीतून सकाळी दोन तास पक्षी दाखवा, दुपारी ढीवराच्या घरचे जेवण द्या. जाहिरातीला मोठा खर्च नको. ताडोबाच्या वाटेवरची हॉटेले, वाटाडे आणि जिप्सीवाले यांच्या तोंडून बातमी आपोआप पसरेल.

हा पाहुणा चौकस आहे

पर्यावरणाची काळजी करणारा प्रवासी गोड बोलण्याला भुलत नाही. तो विचारतो : होडीला इंजिन आहे का? सांडपाणी कुठे जाते? पैसा गावात राहतो का? आपण उसाच्या वजनाच्या काट्याकडे जसे डोळे लावून बसतो ना, तसा तो बघतो. काटा एकदा खोटा निघाला की गिऱ्हाईक तुटले.

गोसीखुर्दची खरी अडचण इथेच आहे. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, तिथून वैनगंगेत आणि पुढे जलाशयात येते. पाण्यावर जलपर्णी माजते. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी 1,900 कोटींहून अधिक खर्चाची योजना मंजूर झालेली आहे. पण पाणी स्वच्छ होईपर्यंत 'निसर्गाच्या कुशीत' असा फलक लावून काय होणार? पाहुणा एकदा येईल, नाक दाबून परत जाईल आणि दहाजणांना सांगेल. आधी पाणी राखायचे, फलक मागाहून रंगवायचा.

दुसरी गोष्ट वेगाची. पाण्यावर भरधाव पळणारे स्कूटर तरुणांना आवडते, हे खरे. पण बदके आणि स्कूटर एका तळ्यावर नांदत नाहीत. एकाच माहितीपत्रकात दोन्ही छापली, तर पक्ष्यांसाठी येणारा फसेल.

वेंगुर्ल्याच्या बाया

हे जमते का? सिंधुदुर्गात जमले आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या महिला कांदळवनाची सफर घडवतात. स्वतः वल्ही मारतात, झाडे-पक्षी ओळखून दाखवतात. या मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बाया; खाडी त्यांना पाठ आहे. इंजिनाचा आवाज नाही, तेलाचा तवंग नाही. पाहुण्याला जे हवे तेच त्यांच्याकडे आहे, म्हणून त्यांची कीर्ती लांबवर गेली. कांदळवन तुटले तर धंदा बुडेल, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

जीव आधी

पाण्याशी खेळ म्हणजे जिवाशी गाठ. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले. मार्च 2025 मध्ये घोडाझरी तलावात पाच तरुण बुडाले. आणि जानेवारी 2024 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर महिलांची डोंगी वैनगंगेत उलटली. सहा महिला गेल्या. त्या काही सहलीला निघाल्या नव्हत्या, पोटासाठी निघाल्या होत्या. पाहुण्याला तरंगते जाकीट आणि त्याच नदीतून मजुरीला जाणाऱ्या बाईला काहीच नाही, हे कोणत्याही गावाला शोभणार नाही. जलपर्यटनाचा पैसा आला, तर त्यातली पहिली जाकिटे घाटावरच्या डोंगीत पडली पाहिजेत.

नाव कोणाचे, नफा कोणाचा?

नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुकडाभर शेतात निवड करून धानाचे एचएमटी वाण काढले. घड्याळावरून पडलेले ते नाव बाजारात सर्वदूर गेले. दादाजी मात्र 2018 मध्ये वारले तोवर हलाखीतच जगले. माल नावाजला, पण मालाचा धनी मागे राहिला. तळ्याच्या बाबतीत असे होऊ नये. ज्यांची गावे आणि शेते धरणात गेली ते, आणि ज्यांची जाळी त्या पाण्यात आहेत ते ढीवर, या धंद्याचे भागीदार असले पाहिजेत. मच्छीमारांच्या सहकारी संस्था तिकडे आहेतच. होड्या त्यांच्या नावावर का नसाव्यात? भाग भांडवल थेंबाथेंबाने जमवून कारखाना उभा राहतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

तेव्हा आपल्या धरणावर असा प्रस्ताव आला, तर सभेत चार प्रश्न जरूर विचारावेत :

1. पाटाची पाळी आणि पिण्याचे पाणी याला धक्का लागणार नाही, हे लेखी देता का?
2. पाण्याची तपासणी कोण करणार, आणि तिचा निकाल गावच्या फलकावर लागणार का?
3. पक्ष्यांच्या हंगामात इंजिनाच्या होड्या बंद ठेवणार का?
4. होडी, तिकीट आणि स्वयंपाक यांत धरणग्रस्तांचा व मच्छीमारांचा वाटा किती?

उत्तरे सरळ मिळाली तर पाहुण्याचे स्वागत करू या. आणि हीच उत्तरे माहितीपत्रकावर छापा म्हणावे. त्या चौकस पाहुण्याला तेवढेच तर हवे असते.