तल्लीनता आणि शरीरस्वास्थ्य

वैद्यांनी व्यायामाचे फर्मान काढावे, आपण ते पंधरवडाभर कसोशीने पाळावे आणि मग पावसाचे वा पाहुण्यांचे निमित्त होऊन ती बाब बेमुदत तहकूब व्हावी, हा अनुभव घरोघरीचा आहे. त्याचे खापर आपण बहुधा स्वतःच्या दुर्बल निग्रहावर फोडतो. परंतु मिहाय चिक्सेंटमिहाय (१९३४–२०२१) या हंगेरियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे संशोधन वाचले, म्हणजे मूळ दोष व्यायामाच्या रचनेत असावा असे वाटू लागते.

चित्र आकारास येत असेतो तहानभूक विसरणारे चित्रकार, ते पुरे होताच त्याविषयी उदासीन होतात, हे चिक्सेंटमिहाय यांच्या तरुणपणीच ध्यानी आले. पुढे शिकागो विद्यापीठात त्यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद यांच्या मुलाखती घेतल्या. सामान्य माणसांजवळ पेजर देऊन, तो अवचित वाजताच हातातले काम व मनाची स्थिती यांची नोंद करविली. या दप्तरातून 'फ्लो' म्हणजे पूर्ण तल्लीनतेच्या अटी निष्पन्न झाल्या: उद्दिष्ट स्पष्ट असावे, कृतीचे फळ तत्काळ कळावे, आणि आव्हान कौशल्याच्या तोडीचे असावे, ते वाढले की धास्ती, घटले की कंटाळा.

दुसऱ्या बाजीरावांच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येस ऊर्जितावस्था आणली, त्या मल्लखांबात या अटी किती सहज नांदतात! एरंडेल चोळलेल्या गुळगुळीत लाकडावर मांडीची पकड किंचित सैल पडली की शरीर त्याच क्षणी खाली घसरते, म्हणजे चूक सांगण्यास वस्तादाचीही गरज उरत नाही. आणि साधी उडी बसल्यावाचून वस्ताद दसरंगासारख्या पुढच्या प्रकाराकडे वळू देत नाही. घामाने निथळलेल्या मुलांना घरी जा म्हणून सांगावे लागते, ते यामुळेच.

प्रौढांनी खांबावर चढावे असे माझे म्हणणे नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. तो पर्वती टेकडीच्या पायऱ्यांवर करणाऱ्याने आज न थांबता अर्धी चढण, ती साधल्यावर पुरी, त्यानंतर श्वासाची लय न मोडता पुरी, अशी तजवीज केली, तर तीच चढण रोज नवे काही मागू लागते.

मात्र तल्लीनता जुगारातही लाभते, आणि ही शक्ती विघातक कामीही लागते असे चिक्सेंटमिहाय यांनीच बजावले आहे. तेव्हा तिचा विषय विवेकानेच निवडला पाहिजे. वाचकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, व्यायाम ठरविताना वजन किती उतरेल ही पृच्छा मागाहून करावी आणि उद्या यात कोणती पायरी वर चढता येईल, ही आधी करावी.