नागपूरचं बेवारस बोईंग: विमानालाही आयएमईआय असतो!

आंजीवरून विमान गेलं की मी फ्लाइटरडार ॲप उघडतो. विमानावर टॅप केलं की नोंदणी क्रमांक दिसतो. आपल्या गाडीचा 'एमएच ३२' वर्ध्याचा, तसं विमानाचं 'व्हीटी' भारताचं. विमान परदेशात विकलं की हा नंबर बदलतो. कारखान्यात पडलेला अनुक्रमांक मात्र शेवटपर्यंत तोच, फोनच्या आयएमईआयसारखा. त्यावरूनच एकेका विमानाची कुंडली काढता येते.

आपल्या जवळची सगळ्यात अजब कुंडली नागपूरची. कॉन्टिनेंटल एव्हिएशन कंपनीचं बोईंग ७२० हे विमान १९९१ मध्ये सोनेगाव विमानतळावर उतरलं, ते पुन्हा उडालंच नाही. चार जेट इंजिनांचं हे मॉडेल जगात फक्त १५४ बनलं. मालकाने ते नेलं नाही, आणि धावपट्टीजवळ ते २४ वर्षं उभं! उतरणारं एखादं विमान घसरून त्यावर गेलं असतं तर? धावपट्टीच्या कडेची जागा मोकळी ठेवतात ती याचसाठी. २०१५ मध्ये शेवटी ते दूर हलवलं.

गुगल अर्थवर नागपूर विमानतळाच्या २०१५ आधीच्या सॅटेलाइट इमेज लावा आणि धावपट्टीच्या कडेने शोधा. सापडलं तर कमेंटमध्ये सांगा.