कोबीवरील ठिपक्यांचा पतंग व मोहरीच्या ओळींचा उपयोग

कोबी व फुलकोबी हीं बागाईतदारांस रोख पैसा देणारीं पिकें होत. परंतु एका लहानशा अळीमुळें पुष्कळदां गड्डा भरण्यापूर्वींच पानांची चाळण होऊन जाते. या किडीस चौकोनी ठिपक्यांचा पतंग म्हणतात. पतंग राखट रंगाचा असून तो पंख मिटून बसला म्हणजे त्याच्या पाठीवर फिकट रंगाच्या तीन चौकोनी खुणा दिसतात. अळी हिरवी व सुमारें एक सेंटिमीटर लांब असते; तिला स्पर्श केल्यास ती वळवळत मागें सरते व तंतूस लोंबकळते. उष्ण हवेंत अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा दोनतीन आठवड्यांत पुरा होतो.

अशा किडीवर विषारी औषधें वरचेवर फवारण्याची प्रवृत्ति होणें साहजिक आहे. तथापि त्यांत मोठा धोका आहे. जावा बेटांत १९५३ सालींच या अळ्या डी. डी. टी.स दाद देत नाहींत असें आढळून आलें, व पुढें अनेक औषधांची तीच गत झाली. प्रत्येक फवाऱ्यांतून कांहीं चिवट अळ्या वांचतात, आणि पिढ्या भराभर होत असल्यामुळें लवकरच सर्व शेत त्यांच्याच संततीनें भरतें. शिवाय विषानें आपले मित्रहि मरतात. कोटेशिया जातीची बारीक माशी या अळीच्या अंगांत अंडें घालते. त्यांतील पिलूं अळीस आंतून खाऊन बाहेर पडतें व पांढरा, घट्ट विणीचा लहान कोश विणतें. असा कोश दिसल्यास तें पान शेतांतच राहूं द्यावें. पतंगाचा स्वतःचा कोश जाळीदार असून आंतील हिरवट किडा बाहेरून दिसतो; तो मात्र चिरडावा.

या पतंगास कोबीपेक्षां मोहरीवर अंडीं घालणें अधिक आवडतें. याच गोष्टीचा फायदा घेऊन बंगळूरजवळ हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेनें पुढील पद्धत बसविली. कोबीच्या दर २५ ओळींमागें मोहरीच्या २ ओळी ठेवाव्या. त्यांपैकीं पहिली ओळ कोबीच्या लावणीपूर्वीं १५ दिवस व दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनीं पेरावी, म्हणजे पहिली निबर होईपर्यंत दुसरी कोंवळी तयार असते. शेताच्या दोन्ही कडांसहि मोहरीच असावी. मोहरीवर मावाहि गोळा होतो.

येथें एक गोष्ट विसरूं नये. मोहरी हा सापळा आहे. तो वेळच्या वेळीं रिकामा केला नाहीं, तर तेथेंच किडीची पैदास होऊन ती कोबीवर उतरते. म्हणून मोहरी उगवल्यापासून तिची पाहणी करावी, दर दहापंधरा दिवसांनीं तिच्यावर निंबोळीचा अर्क फवारावा, व निबर होऊन किडलेलीं झाडें उपटून खोल पुरावीं. कोबीवर अळ्या दिसूं लागल्यास तिच्यावरहि हाच अर्क चालतो.

अर्कासाठीं पावसाळ्याच्या आरंभीं पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, सावलींत वाळवून ठेवाव्या. अशा ५ किलो निंबोळ्यांची भरड १० लिटर पाण्यांत रात्रभर भिजवावी. सकाळीं फडक्यांतून गाळून घ्यावी, त्यांत २०० ग्रॅम साबण विरघळवावा व एकंदर १०० लिटर पाणी करावें. कोबीचें पान मेणचट असल्यामुळें साबणावांचून अर्क त्यावर टिकत नाहीं. उन्हानें त्याचा गुण जातो, म्हणून त्याच दिवशीं सायंकाळीं, पानांच्या खालच्या बाजूस पोंचेल असा फवारा द्यावा. अळ्या लगेच मरत नाहींत. त्यांचें खाणें मंदावतें व कात टाकतांना त्या मरतात. म्हणून दुसऱ्या दिवशीं अळ्या जिवंत दिसल्या तरी घाबरून विषाकडे वळूं नये.

शेवटीं, गड्डे काढल्यावर बुडखे शेतांत उभे ठेवूं नयेत. त्यांना फुटलेल्या कोंवळ्या पानांवर कीड पोसली जाते व शेजारच्या नव्या लावणीवर जाते. बुडखे ताबडतोब उपटून नांगरट करावी, आणि त्याच जमिनींत लागोपाठ कोबीवर्गाचें पीक घेऊं नये. शेजारी शेतकरी बंधूंनीं हें एकमतानें केल्यास सर्वांचाच खर्च वांचेल.