थाई रेशमाचं घर: एका कालव्याचे दोन काठ

बँकॉकमधलं जिम थॉम्पसन यांचं घर पारंपरिक थाई घराचा नमुना म्हणून दाखवलं जातं आणि चोखंदळ प्रवासी नेमकं त्यावरच नाक मुरडतो. घर उभारणारा अमेरिकी, त्याने जगभर नेलेलं रेशीम विणणारे चाम मुसलमान, रेशमाचे रंग स्वित्झर्लंडचे आणि कपाटांतली भांडी चिनी. मग यात थाई ते काय, असा त्याचा सवाल असतो. सवालात तथ्य आहे, पण त्यामागे एक गृहीतही दडलेलं आहे. थाई कारागिरी पूर्वी सोवळ्यात नांदत होती आणि परक्याचा हात लागून ती बाटली, असं ते गृहीत. हे घर आणि त्याच्या समोर, सेन सेप कालव्यापलीकडे वसलेली बान क्रुआ ही विणकरांची वस्ती एकत्र पाहिली, तर ते टिकत नाही.

आधी घर. थॉम्पसन यांनी जुनी सागवानी घरं विकत घेतली, सुटी करून बँकॉकला आणली आणि अशा सहा घरांची मिळून ही वास्तू १९५९ मध्ये पुरी झाली. काही घरं जुन्या राजधानीच्या, अयुथयाच्या परिसरातली. दिवाणखान्याचं घर मात्र समोरच्याच बान क्रुआतलं. घर उचलून आणणं ही परदेशी माणसाची लहर वाटेल, पण मध्य थायलंडचं जुनं घर मुळातच त्यासाठी घडवलेलं असतं. उंच खांबांवर सांगाडा उभारायचा आणि तयार भिंतींचे फलक त्यावर अडकवायचे. खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या. बदल करायचा झाला की फलक उतरवायचे आणि दुसरीकडे चढवायचे. थॉम्पसन यांनी लहर केली ती पुढे. त्यांनी भिंतींचे फलक उलटे बसवले, म्हणजे बाहेरून दिसायची ती खिडक्यांखालची नक्षी आता आतल्या माणसाला दिसते. जिना थाई घरात बाहेर असतो, तो त्यांनी आत घेतला. जुन्या महालांतली झुंबरं टांगली. गृहप्रवेशाचा मुहूर्त मात्र ज्योतिषाकडून काढून घेतला, हेही नोंदवायला हवं. तेव्हा हे घर म्हणजे थाई कुटुंबाच्या राहणीचा पुरावा नव्हे. थाई सुतारांच्या हातचं काम एका परक्या, पण जाणत्या नजरेने कसं मांडलं, याचा तो पुरावा आहे. तसं पाहिलं तर घर दाखवणाऱ्या गाइडचं बोलणं अधिक रंजक वाटू लागतं.

आता त्या चिनी भांड्यांविषयी. पाच रंगांची, मीनाकारीने भरलेली बेंजारोंग भांडी थाई राजदरबाराची ओळख मानली जातात. ती बनत होती चीनमध्ये, सयामी दरबाराने पाठवलेल्या नक्षीनुसार. म्हणजे अस्सल थाई म्हणून जे दाखवावं, त्याचीच घडण आधीपासून दोन देशांत वाटलेली होती.

बान क्रुआची गोष्ट याहून बोलकी आहे. चाम लोकांचं मूळ मध्य व्हिएतनाममधल्या चंपा राज्यात. मी सनची शिवमंदिरं बांधणारे ते हेच. पुढे त्यांच्यातल्या अनेकांनी इस्लाम स्वीकारला, काही कंबोडियात स्थिरावले आणि तिथून सयामच्या बाजूने लढायला आलेल्यांना बँकॉकच्या पहिल्या राजाच्या काळात इथे जमीन मिळाली. बायका मागावर बसल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी गुप्तचर सेवेतून बँकॉकला पोहोचलेल्या थॉम्पसन यांना हे विणकाम दिसलं, तेव्हा गिरणीच्या स्वस्त कापडापुढे ते मावळत चाललं होतं. त्यांनी नमुने न्यूयॉर्कला नेऊन दाखवले, १९४८ मध्ये कंपनी काढली, पक्के रंग स्वित्झर्लंडहून मागवले. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, असं धूपछाव कापड अमेरिकेत गाजलं ते १९५१ च्या ‘द किंग अँड आय’ या संगीतिकेच्या वेशभूषेमुळे. गंमत अशी, की त्याच संगीतिकेवरच्या चित्रपटावर सयामच्या राजाचा अवमान होतो म्हणून थायलंडमध्ये बंदी आली. रेशमाचा खप वाढायला ती आडवी आली नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, की थॉम्पसन यांनी वारसा जपला तितकाच गोळाही केला. त्यांच्या संग्रहातल्या काही प्राचीन मूर्तींवर थाई पुरातत्त्व खात्याने हक्क सांगितला आणि त्या त्यांना द्याव्या लागल्या. मूर्ती आणि कापड यांत इथे फरक करावाच लागतो. मूर्ती मंदिरातून निघाली की तिथली जागा कायमची रिकामी होते; कापडाला गिऱ्हाईक लाभलं की माग दुसऱ्या दिवशीही चालू राहतो. दुसरा आक्षेप श्रेयाचा, आणि तो मला अधिक खरा वाटतो. काम विणकरांच्या घरीच राहू द्यायचं, कारखाना उभारायचा नाही, हे थॉम्पसन यांचं धोरण चांगलं होतं; त्यातून घरच्या बायकांच्या हाती पैसा आला. तरीही दुकानाच्या पाटीवर नाव त्यांचं, आणि १९६७ मध्ये मलेशियाच्या कॅमेरॉन हायलंड्समध्ये ते बेपत्ता झाल्यावर तर सगळी दंतकथाच त्यांच्याभोवती गुंफली गेली. विणणाऱ्यांची नावं पर्यटकाच्या कानावर क्वचितच पडतात. रेशीम अनेकांचं आहे म्हणून ते कमी थाई ठरत नाही, पण त्या अनेकांपैकी एकाच्याच नावाने ते विकलं जातं, ही तक्रार उरतेच.

शिवाय सरमिसळीने कला तगते, तिचं गाव तगेलच असं नाही. पुढे कंपनीचं विणकाम ईशान्येकडे, नाखोन राचासिमा प्रांतातल्या पाक थोंग चाई इथे गेलं आणि बान क्रुआत मोजकेच माग उरले. वस्ती राहिली ती रहिवाशांच्या जिद्दीने: तिच्यावरून द्रुतगती महामार्गाचा जोडरस्ता नेण्याचा बेत होता, तो त्यांनी वर्षानुवर्षं लढून हाणून पाडला.

आपल्याकडच्या बँकॉक-पटाया सहलींच्या कार्यक्रमात हे घर अनेकदा नसतं. स्वतः जायचं तर नॅशनल स्टेडियम स्टेशनवरून पायी जाता येतं, किंवा कालव्यातल्या बोटीने हुआ छांग धक्क्यावर उतरावं. बोटीत काठाला बसलात तर पाणी उडतं, म्हणून ओढायला प्लास्टिकचा पडदा असतो. घर गाइडसोबतच, पादत्राणं काढून पाहावं लागतं. दुकानात शिरण्याआधी मात्र पूल ओलांडून बान क्रुआच्या गल्ल्यांत जावं. मशिदीच्या आसपास विचारलं की माग कुठे आहे ते लोक सांगतात, आणि धोटा चालताना पाहून मग तिथलंच कापड घेतलं, तर पैसे विणणाऱ्याच्या हातात पडतात.